न वाचलेला जाहीरनामा

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत आमच्या वस्तीत एक उमेदवार आले. बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, समाजमंदिराला फरशी बसवून देतो म्हणाले, कमानीचाही शब्द दिला. सभा उठायच्या बेतात असताना मागच्या बाजूने एका पोराने विचारले, "साहेब, कंत्राटी कामगारांबद्दल तुमची भूमिका काय?" पोरगा औद्योगिक वसाहतीत तीन वर्षे कंत्राटावर राबतो आहे, म्हणून त्याला हा प्रश्न सुचला. उमेदवार क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बाबासाहेबांचे विचार हाच माझा जाहीरनामा!" टाळ्या पडल्या. पोराचा प्रश्न टाळ्यांत बुडाला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. "सर, बाबासाहेब स्वतः निवडणुकीला उभे राहिले तेव्हा त्यांचा जाहीरनामा काय होता?" मी आयुष्यभर इतिहास शिकवला. महाडचे तळे, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, पुणे करार हे सगळे मला तारखांसह पाठ आहे. पण या प्रश्नाला मला धड उत्तर देता आले नाही. मला लाज वाटली, ती आधी इथे नोंदवतो. हा लेख त्या लाजेतून लिहिला आहे.

प्रश्न साधा दिसतो, पण तो आपल्या चळवळीच्या वर्मावर बोट ठेवतो. बाबासाहेबांना आपण वंदन करतो. मते मागायला उभा राहिलेला, शेतसाऱ्यापासून गिरणीच्या पाळीपर्यंत प्रत्येक प्रश्नावर आपली भूमिका लेखी देणारा उमेदवार म्हणून मात्र आपण त्यांच्याकडे फारसे पाहिलेले नाही. उमेदवाराने दिलेली भूमिका तपासता येते. पुतळ्याची तपासता येत नाही.

१९३६ साल आठवा. आदल्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्याला धर्मांतराची घोषणा झालेली. मे १९३६ अखेर मुंबईत महार परिषद झाली आणि धर्मांतराच्या निर्णयाला तिने पाठिंबा दिला. आता बाबासाहेब राजकारण सोडून धर्माच्या मागे लागले, असे अनेकांना वाटत होते. त्याच वर्षी १५ ऑगस्टला स्वतंत्र मजूर पक्षाचा कार्यक्रम जाहीर झाला. १९३५ च्या कायद्याने इलाख्यांना आपापली निवडून आलेली मंत्रिमंडळे मिळणार होती. हा कायदा पुरेसा नाही, खऱ्या जबाबदार राज्यपद्धतीपासून तो दूर आहे, पण मिळाले ते राबवून पाहू, अशी पक्षाची भूमिका होती. काँग्रेसमध्ये तेव्हा कायदा मोडून काढण्याची भाषा चालू होती. ज्यांच्या हाती काहीच नव्हते त्यांना मोडण्याची चैन परवडणारी नव्हती, असे माझे मत आहे.

पक्षाच्या नावापाशी जरा थांबले पाहिजे. पक्ष 'अस्पृश्यांचा' नाही, 'मजुरांचा' आहे. सर्व जातींच्या श्रमिकांना हाक घालणारे हे नाव विचार करून घेतलेले होते. आपल्याकडे पुढे वर्ग की वर्ण, मार्क्स की बुद्ध असे वाद रंगले. दलित पँथर फुटला तेव्हाही हाच वाद होता. ते वाद घालताना १९३६ चा हा कागद समोर ठेवला असता तर पुष्कळ वाफ वाचली असती. कागदाने वाद मिटला असता असे नाही. पण बाबासाहेबांनी दोन्ही टोके एकाच हातात धरण्याचा प्रयत्न केला होता आणि त्यात ते कुठे अडखळले, हे तरी दिसले असते.

आता कागदाकडे वळतो. सुरुवातच शेतीपासून आहे. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे मुख्य कारण म्हणजे जमिनीचे पडत गेलेले तुकडे आणि जमिनीवर पडलेला माणसांचा भार, असे त्यात म्हटले आहे. हा विचार निवडणुकीपुरता सुचलेला नव्हता. १९१८ साली त्यांनी लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला होता. शेत लहान आहे म्हणून शेतकरी गरीब आहे असे नव्हे, जमिनीबाहेर काम नाही म्हणून सगळे त्याच तुकड्याला चिकटून आहेत, असा त्याचा रोख होता. उपाय कारखानदारीत आहे, निव्वळ तुकडे जोडण्यात नाही. म्हणून जाहीरनामा जुन्या धंद्यांना उभारी आणि नव्या धंद्यांना चालना द्या म्हणतो, तांत्रिक शिक्षणाचा मोठा कार्यक्रम मागतो आणि लोकहितासाठी गरज पडेल तेथे उद्योग सरकारने आपल्या मालकीचे करून चालवावेत, हे तत्त्व मान्य करतो. खेड्याला स्वर्ग मानणाऱ्या त्या काळच्या हवेत हे बोलणे किती विपरीत वाटले असेल! गावकुसाबाहेरच्या माणसाला गाव ठाऊक होते, म्हणून त्याचे डोळे भरून आले नाहीत.

कुळांना जमीनदाराच्या जुलमी वसुलीपासून आणि जमिनीवरून हुसकावले जाण्यापासून संरक्षण, शेतकऱ्यांसाठी भूतारण बँका, उत्पादकांच्या सहकारी संस्था, खरेदी-विक्री संघ ही शेतीची बाजू. गिरणी-कारखान्याच्या बाजूला नोकरीवर घेणे, काढून टाकणे, बढती देणे यांवर कायद्याचे नियंत्रण, कामाच्या तासांना मर्यादा, पुरेशी मजुरी, भरपगारी रजा आणि कामगारांना स्वस्त, आरोग्यकारक घरे. माझ्याकडे आलेल्या त्या पोराचा प्रश्न, म्हणजे कामावरून कोण, कधी, कशाच्या आधारे काढू शकतो, या यादीत लिहिलेला आहे. बेकारांना जमिनीवर वसवावे आणि सार्वजनिक कामे काढून रोजगार द्यावा, असेही त्यात आहे.

शिक्षण सक्तीचे आणि मोफत असावे, प्रौढांनाही शिकवावे हे अपेक्षितच होते. पण कागदात काही अनपेक्षित गोष्टीही आहेत. सर्व प्रकारच्या सनातनीपणाला आणि प्रतिगामीपणाला कायद्याने शिक्षा करावी, धर्मादाय निधीतली शिल्लक शिक्षणासारख्या ऐहिक कामाला लावावी, न्यायखाते कारभारखात्यापासून वेगळे करावे, सरकारी नोकऱ्यांत सर्व जातिधर्मांचे न्याय्य मिश्रण असावे. आणि खेड्यात सभागृह, वाचनालय आणि फिरता सिनेमा असावा! मला हा फिरता सिनेमा फार आवडला. ज्याच्या सावलीचाही विटाळ होत होता, त्याने खेड्यात पडद्यासमोर सगळ्यांना एकत्र बसवण्याची कल्पना करावी, यात गंमत आहे आणि दुःखही आहे.

आमचा आजा परळला एका गिरणीत होता. चाळीतल्या एका खोलीत तो आणि गावाकडचे सात-आठजण. माझ्या लहानपणी मी त्याला विचारले होते, "तू बाबासाहेबांना मत दिलंस का?" तो म्हणाला, "मत व्हतं कुणाला? खोली दुसऱ्याच्या नावावर." भाडे, शेतसारा, शिक्षण असल्या अटींवर मताचा हक्क होता. ब्रिटिश हिंदुस्थानात तो लोकसंख्येच्या साधारण सातव्या हिश्श्याला मिळाला. म्हणजे मजुरांचा पक्ष ज्यांच्यासाठी उभा होता, त्यांतल्या बहुतेकांचे नाव यादीतच नव्हते. ही निवडणूक वाचताना हा मुद्दा पहिल्याने ध्यानात घेतला पाहिजे. आपले लेखक तो सहसा घेत नाहीत.

मतदानाची पद्धतही आज विसरली गेली आहे. पुणे करारानुसार राखीव जागेसाठी चारांहून अधिक उमेदवार असतील, तर आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चारजण निवडायचे आणि मग त्या चारांतून सर्व हिंदू मतदारांनी एक. अशा मतदारसंघातून एकाहून अधिक जागा भरायच्या असत आणि मतदाराला जितक्या जागा तितकी मते. मुंबई इलाख्यात ही सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. काँग्रेसला मते वाटून देण्याची पद्धत हवी होती, बाबासाहेबांचा आग्रह एकवट मतांचा होता. संयुक्त मतदारसंघात अल्पसंख्याला आपला माणूस आपल्या बळावर निवडून आणण्याची तेवढीच एक फट उरली होती. पुढे स्वतंत्र भारतात ही फटही बुजली आणि राखीव जागेवर आपला माणूस कोण, हे ठरवण्याची किल्ली दुसऱ्यांच्या हाती गेली. आजच्या कित्येक आमदारांच्या तोंडाला लागलेल्या कुलपाची किल्लीही तिथेच सापडेल.

बाबासाहेब भायखळा-परळ भागातून राखीव जागेवर उभे राहिले. नोव्हेंबर १९३६ मध्ये ते युरोपला गेले होते, जानेवारीत परतले आणि फेब्रुवारी १९३७ मध्ये मतदान झाले. काँग्रेसने त्यांच्यासमोर पाळवणकर बाळू यांना उभे केले. बाळू हे चर्मकार समाजातले, त्यांच्या काळातले हिंदुस्थानातले सर्वांत नामवंत गोलंदाज. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले होते. पुण्यात ज्यांच्याबरोबर ते खेळत, ते त्यांना चहा मात्र बाहेर वेगळ्या भांड्यात देत. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. पुणे कराराच्या वाटाघाटीत ते बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूने वावरले होते. आता साठीच्या घरातल्या या माणसाला काँग्रेसने आपला मोहरा केले. मते पडली ती अशी : बाबासाहेब १३,२४५, बाळू ११,२२५.

दोन हजारांचा हा फरक मी पुनःपुन्हा पाहतो. आपल्या भाषणांतून ही निवडणूक एकतर्फी असल्यासारखी सांगितली जाते. ती तशी नव्हती. बाळूंना निव्वळ 'हस्तक' म्हणून निकालात काढणेही मला पटत नाही. अपमान गिळून खेळात नाव काढलेल्या त्या माणसाला सवर्णांच्या हृदयपरिवर्तनावर विश्वास ठेवावासा वाटला असेल. त्यांचा मार्ग चुकला असे मी म्हणेन, पण चुकलेल्या मार्गावरही माणूसच चालत असतो. दोष त्या पक्षाचा, ज्याने एका अस्पृश्यासमोर दुसरा अस्पृश्य उभा करण्याची रीत पाडली. ती रीत अजून चालू आहे आणि तिला आपल्या घरातूनच माणसे मिळतात.

पक्षाने सतरा उमेदवार उभे केले होते. त्यांतले चौदा आले असे कुणी लिहितात, कुणी पंधरा. काही असले तरी यश दणदणीत होते. इलाख्यातल्या १५ राखीव जागांपैकी ११ पक्षाने जिंकल्या. नाशिकहून दादासाहेब गायकवाड आले, पुण्याहून रा. रा. भोळे, नगरहून प्रभाकर रोहम, बेळगावहून बळवंतराव वराळे. आणि सर्वसाधारण जागांवर कोकणातून सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे आणि शामराव परुळेकर. हे तिघेही सवर्ण. टिपणीस आणि चित्रे हे महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहातले साथी. सवर्ण उमेदवार दलितांच्या पुढाऱ्याच्या पक्षातर्फे उभा राहून सर्वसाधारण जागा जिंकतो, ही गोष्ट या इलाख्याने पूर्वी पाहिली नव्हती. कोकणातच ती घडली याचे कारण होते खोती.

खोतीचे नाव आजच्या विद्यार्थ्याला परके आहे. रत्नागिरी, कुलाबा आणि ठाण्याच्या काही भागात सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये खोत बसलेला असे. सरकारचा सारा तो भरी आणि कुळांकडून धान्याच्या रूपाने त्याहून कितीतरी जास्त वसूल करी. शिवाय वेठ. कूळ कुणबी असे, आगरी असे, भंडारी असे, महार असे. खोत ब्राह्मण असे, मराठा असे, कायस्थ असे, मुसलमानही असे. म्हणजे इथे शोषणाची रेघ जातीच्या रेघेवर तंतोतंत बसत नव्हती, आणि म्हणूनच मजूर पक्षाला कुणब्याच्या ओटीवर जाऊन बसता आले. अलिबागकडे चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ पासून जमिनी न कसण्याचा संप चालवला होता. उपाशी राहिले, पण नांगर धरला नाही. जमीन या पार्श्वभूमीवर तयार झालेली होती.

निवडून आल्यावर काय केले, हे पाहिल्याशिवाय कुणाच्याच जाहीरनाम्याला किंमत देऊ नये. १७५ च्या सभागृहात काँग्रेसचे ८६ होते. जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले. बाबासाहेब विरोधी बाकावर बसले. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले : खोतांना वाजवी भरपाई द्या आणि कसणाऱ्याला जमीन महसूल कायद्याखालचा कब्जेदार करा. लक्षात घ्या, ते जप्ती मागत नव्हते, भरपाई देऊ म्हणत होते. तरी विधेयक पुढे सरकले नाही. फैजपूरच्या अधिवेशनात डिसेंबर १९३६ मध्ये शेतकऱ्यांसाठी ठराव करणारा पक्ष सत्तेवर होता. १० जानेवारी १९३८ ला कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यांत कुणबी आणि महार एका रांगेत होते. आजा सांगायचा, "कोकणातली मानसं बोटीतनं उतरली, भाकरी बांधून आली व्हती." त्याच्या आठवणीत तारीख नव्हती, भाकरी होती.

महार वतनाचा प्रश्नही त्यांनी सभागृहात पुन्हा उचलला. १९२८ सालीच त्यांनी या वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले होते. तुटपुंज्या बलुत्यावर आणि जमिनीच्या तुकड्यावर अख्ख्या जातीला चोवीस तास सरकारी वेठीला बांधणारे ते वतन. बाबासाहेब म्हणत होते, जमिनीचा पूर्ण सारा घ्या, पण आम्हाला या चाकरीतून सोडवा. आपल्यातल्याच काहींना ते रुचले नव्हते. वतन म्हणजे मान, असे मानणारे वडीलधारे माझ्या लहानपणीही होते. आपल्याच लोकांच्या आवडीविरुद्ध भूमिका घेणारा उमेदवार आता शोधून काढावा लागेल.

एक भूमिका मात्र मला अडचणीची वाटत आली आहे. काँग्रेसने मंत्र्यांचा पगार पाचशे रुपये ठेवला, तेव्हा ऑगस्ट १९३७ मध्ये बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. मजुरांच्या पुढाऱ्याने मंत्र्यांना जास्त पगार मागावा? तरुण कार्यकर्त्यांपुढे हे सांगताना मी अडखळत असे. पण त्यांचा युक्तिवाद वाचल्यावर माझे मत बदलले. लायकी, लोकशाही आणि कारभाराचे शुद्धत्व या कसोट्या त्यांनी लावल्या होत्या. घरची गडगंज असलेल्यालाच पाचशेत मंत्रिपद भूषवता येते. गरिबाच्या पोराला मंत्री व्हायचे तर पगारावर जगता आले पाहिजे, नाहीतर तो वरकड मिळकतीकडे वळेल. त्यागाचे प्रदर्शन करणाऱ्यांना ही गोष्ट बोचली असणार. आज आमदारांची प्रतिज्ञापत्रे वाचली की मला त्या भाषणाची आठवण येते. मात्र पगार वाढूनही शुद्धता आली नाही, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. त्या एका बाबतीत त्यांचा माणसावरचा विश्वास जास्त ठरला.

नोव्हेंबर १९३८ मध्ये रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागे बाबासाहेब होते. ठराव पडला. ज्या सभागृहात बायकांच्या बाळंतपणावर बोलणेही अनेकांना अशिष्ट वाटत होते तिथे तो मांडला गेला, एवढे पुरे.

आणि मग औद्योगिक कलह विधेयक. सप्टेंबर १९३८ मध्ये ते आले. तडजोडीची सरकारी यंत्रणा आधी, संप नंतर. मधल्या काळात संप केला तर तुरुंग. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव, अशी भूमिका बाबासाहेबांनी सभागृहात मांडली. ज्याला काम सोडता येत नाही तो गुलाम, हे गावकीत बांधलेल्या महाराच्या लेकाइतके कुणाला कळणार? इथे त्यांचे वतनावरचे बोलणे आणि गिरणीवरचे बोलणे एक होते. याच वर्षी फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले होते. दोन्हींशी एकदम लढायचे म्हणजे मित्र कमी पडतात. कम्युनिस्टांशी त्यांचे १९२८-२९ च्या गिरणी संपांपासून बिनसलेले होते. विणकाम खात्यात अस्पृश्यांना शिरकाव नव्हता आणि लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना तो प्रश्न निकडीचा वाटत नव्हता. तरीही या काळ्या विधेयकाविरुद्ध दोघे एका व्यासपीठावर आले.

हिशेब मांडायचा तर तो कोरडा आहे. खोती विधेयक बाबासाहेबांच्या हातून मंजूर झाले नाही. ती १९४९ च्या कायद्याने गेली. महार वतन गेले ते १९५८ च्या कायद्याने. तेव्हा बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला दोन वर्षे होत आली होती. कलह कायदा विरोध डावलून मंजूर झाला. परुळेकर पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले आणि मजूर पक्ष मागे पडला. घटनेच्या वाटाघाटीत जातीच्या नावाने उभे राहिल्याशिवाय इंग्रज सरकार आणि काँग्रेस दोघेही आपल्याला मोजणार नाहीत, हे तोवर दिसून आले होते. मजुरांचा पक्ष सोडून जातीच्या महासंघाकडे यावे लागले, ही माघार होती की वास्तवाची जाण? मी हा प्रश्न विद्यार्थ्यांना घालतो तेव्हा वर्गात दोन तट पडतात. मी कुठल्याच तटाला गुण देत नाही.

त्या पोराला मी जाहीरनाम्यातल्या कलमांचा मराठी तर्जुमा हाताने लिहून दिला. त्याने तो त्याच्या पाळीतल्या मुलांना वाचून दाखवला. एकाने विचारले म्हणे, "हे कुठल्या पक्षाचं आहे? आपल्याकडं उभा आहे का त्यांचा कुणी?"

आजाला १९३७ साली मत नव्हते. पण ७ नोव्हेंबर १९३८ ला विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, मजूर पक्षाचे आणि लाल बावट्याचे स्वयंसेवक पहाटेपासून गिरण्यांच्या दारात उभे राहिले, दिवसभरात पोलिसांनी गोळीबारही केला. त्या दिवशी आजा कामावर गेला नाही. दिवसाचा पगार बुडाला. संध्याकाळी तो कामगार मैदानावर सभेला गेला. बाबासाहेब काय बोलले ते त्याला ऐकू आले नाही, गर्दी फार होती.